चंचल कुमार मजुमदार
चंचल कुमार मजुमदार (११ ऑगस्ट १९३८ - २० जून २०००) हे भारतीय सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. कोलकात्यात जन्मलेल्या मजुमदारांनी अमेरिकेत वॉल्टर कोन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना, १९६९ मध्ये, त्यांनी दीपन घोष यांच्यासह 'मजुमदार-घोष प्रतिमान' मांडले. त्यातील साखळीचा प्रत्येक स्पिन, म्हणजे अणूवरील सूक्ष्म चुंबक, लगतच्या आणि त्यापलीकडच्या अशा दोन्ही शेजाऱ्यांच्या विरुद्ध दिशेला राहू पाहतो. दोन्ही एकाच वेळी साधणे अशक्य असते. या कोंडीला 'फ्रस्ट्रेशन' म्हणतात. अशा प्रश्नांची अचूक उकल विरळाच. पलीकडच्या शेजाऱ्याशी असलेली आंतरक्रिया लगतच्याच्या बरोबर निम्मी असेल, तर मात्र लगतचे स्पिन दोघादोघांच्या जोड्या करतात व प्रत्येक जोडीचे एकूण चुंबकत्व शून्य होते, हे त्यांनी दाखवले. त्यांना १९७६ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. कोलकात्यातील सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्राचे ते संस्थापक संचालक होते.