प्रिया तेंडुलकर

प्रिया तेंडुलकर (जन्म : १९ ऑक्टोबर १९५४, मृत्यू : १९ सप्टेंबर २००२, मुंबई) या मराठी व हिंदी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या माध्यमांतील अभिनेत्री व मराठी कथालेखिका होत्या. नाटककार विजय तेंडुलकर हे त्यांचे वडील. दूरदर्शनवरील ‘रजनी’ (१९८५) या हिंदी मालिकेतील गृहिणीच्या भूमिकेमुळे त्या देशभर ओळखल्या जाऊ लागल्या. पुढे ‘हम पाँच’ या विनोदी मालिकेतील त्यांची भूमिकाही लोकप्रिय झाली.

पार्श्वभूमी

प्रिया तेंडुलकर यांचे बालपण मुंबईत साहित्य आणि नाटक यांच्या वातावरणात गेले. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगमंचावर आले. १९७२ मध्ये आलेल्या ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांवरून महाराष्ट्रात मोठे वाद झाले. ‘सखाराम बाइंडर’चा वाद तर न्यायालयापर्यंत गेला. लेखनामुळे समाजाचा रोष ओढवतो आणि तो घरातल्या सर्वांनाच सोसावा लागतो, याचा अनुभव त्यांना तरुण वयातच आला.

शाळेत शिकत असतानाच त्यांनी रंगमंचावर पाऊल ठेवले. सत्यदेव दुबे यांनी दिग्दर्शित केलेल्या गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदन’ या नाटकात दोन बाहुल्यांपैकी एकीची भूमिका त्यांनी केली. अभिनयात स्थिरावण्यापूर्वी त्यांनी पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, तसेच हवाई सुंदरी म्हणून नोकरी केली. काही काळ जाहिरातींसाठी मॉडेलिंग आणि वृत्तनिवेदनही केले.

रंगभूमी आणि चित्रपट

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) या चित्रपटात त्यांनी सरू ही भूमिका केली. जमीनदाराच्या मुलाची ही बालवधू वयात आल्यावर सासरी येते आणि नवऱ्याचे लक्ष्मी या मोलकरणीशी असलेले संबंध लक्षात येताच तिला घरापासून दूर ठेवू पाहते. लक्ष्मीची भूमिका शबाना आझमी यांनी, तर सरूच्या नवऱ्याची भूमिका अनंत नाग यांनी केली होती. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मिंचिन ओट’ (१९८०) या कन्नड चित्रपटातही प्रिया तेंडुलकर यांनी काम केले.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या मराठी चित्रपटांत नायिका म्हणून दिसू लागल्या. ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’ आणि ‘माहेरची माणसं’ हे त्यांचे या काळातील काही चित्रपट होत. रंगभूमीवर भक्ती बर्वे यांनी गाजवलेली पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तील मंजुळेची भूमिका त्यांनीही केली.

रजनी

१९८४ मध्ये दूरदर्शनने देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभारण्याची मोठी मोहीम राबवली. त्यामुळे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचली. त्याच वर्षी ‘हम लोग’ आणि ‘ये जो है जिंदगी’ या मालिका सुरू झाल्या. वाहिनी एकच असल्याने लोकप्रिय मालिका एकाच वेळी सर्व देशभर पाहिली जाई. अशा काळात, १९८५ मध्ये, बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेली ‘रजनी’ ही मालिका रविवारी सकाळी प्रसारित होऊ लागली.

रजनी ही मध्यमवर्गीय गृहिणी होती. घरगुती गॅसच्या सिलिंडरचे वितरण किंवा टॅक्सीचालकांनी भाडे नाकारणे अशा रोजच्या जगण्यातील अडचणींपैकी एखादी अडचण प्रत्येक भागात तिच्यापुढे येई. इतर लोक जिथे मुकाट्याने सहन करत, तिथे रजनी नियमावर बोट ठेवून जाब विचारी. रजनीकडे पद, ओळख किंवा पैसा यांपैकी काहीही नव्हते. आपला हक्क काय आहे हे ठाऊक असणे एवढेच तिचे बळ होते. तेंडुलकर यांनी ही भूमिका आक्रस्ताळेपणा न करता ठाम बोलण्याने उभी केली. रजनीच्या पतीची भूमिका मालिकेच्या लेखकांपैकी एक असलेल्या करण राजदान यांनी केली होती.

मालिकेचा परिणाम पडद्यापुरता राहिला नाही. टॅक्सीचालकांच्या वागणुकीवरील भागानंतर मुंबईतील टॅक्सीचालकांनी दूरदर्शनविरुद्ध निदर्शने केली. अन्यायाविरुद्ध हटकून बोलणाऱ्या स्त्रीला बोलीभाषेत ‘रजनी’ म्हटले जाऊ लागले. महाराष्ट्रात ग्राहक चळवळ या आधीच सुरू झाली होती. मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ मध्ये झाली होती. मालिकेनंतरच्या वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा मंजूर झाला. हा कायदा चळवळीच्या दीर्घ प्रयत्नांचे फळ होता. मात्र ग्राहकाला हक्क असतात ही गोष्ट घरोघरी पोहोचवण्यात ‘रजनी’चा मोठा वाटा होता.

रजनीनंतर

या यशाची दुसरी बाजूही होती. प्रेक्षक अभिनेत्री आणि भूमिका यांत फरक करेनासे झाले. लोक त्यांना रजनी म्हणूनच ओळखत आणि रजनीसारख्याच वागणुकीची अपेक्षा ठेवत. पुढील अनेक भूमिकांवर या प्रतिमेची छाया राहिली. ‘स्वयंसिद्धा’ या मालिकेतही त्यांनी काम केले. ‘त्रिमूर्ती’ (१९९५) या हिंदी चित्रपटात त्या सत्यदेवी या प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत होत्या. ‘मोहरा’ (१९९४) आणि ‘गुप्त’ (१९९७) या चित्रपटांतही त्यांच्या भूमिका आहेत.

उपग्रह वाहिन्या आल्यावर त्यांनी ‘प्रिया तेंडुलकर शो’ या चर्चात्मक कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले. सामाजिक प्रश्नांवर थेट विचारणा करण्याची त्यांची पद्धत प्रेक्षकांना रजनीची आठवण करून देणारी होती. येथे मात्र त्या स्वतःच्या नावाने बोलत होत्या.

हम पाँच

झी टीव्हीवर १९९५ मध्ये सुरू झालेली ‘हम पाँच’ ही बालाजी टेलिफिल्म्सची विनोदी मालिका पाच मुलींच्या त्रस्त पित्याभोवती फिरते. आनंद माथूर या पित्याची भूमिका अशोक सराफ यांनी, तर त्याच्या दुसऱ्या पत्नीची भूमिका शोमा आनंद यांनी केली. प्रिया तेंडुलकर यांच्याकडे दिवंगत पहिल्या पत्नीची भूमिका होती. भिंतीवरील तसबिरीतून ती नवऱ्याशी बोलते, त्याला टोमणे मारते आणि सल्लेही देते. चौकटीत अडकलेल्या या पात्राला हालचालीला वाव नव्हता. केवळ चेहरा, नजर आणि आवाजातील चढउतार यांच्या आधारे तेंडुलकर यांनी ही भूमिका रंगवली. गंभीर भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या अभिनेत्रीची विनोदाची जाण या मालिकेतून दिसून आली.

लेखन

प्रिया तेंडुलकर यांनी मराठीत कथा व ललित लेखन केले. नाटककार पित्याची कन्या असूनही त्यांनी नाट्यलेखनाऐवजी कथेची वाट धरली. त्यांची प्रकाशित पुस्तके अशी :

* ज्याचा त्याचा प्रश्न
* जन्मलेल्या प्रत्येकाला
* जावे तिच्या वंशा
* पंचतारांकित
* तिहार
* असंही

वैयक्तिक जीवन आणि निधन

प्रिया तेंडुलकर यांचा विवाह १९८८ मध्ये करण राजदान यांच्याशी झाला. १९९५ मध्ये ते विभक्त झाले.

आयुष्याच्या अखेरच्या काळात त्या स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. २००१ मध्ये त्यांचे बंधू राजा आणि आई निर्मला यांचे निधन झाले. त्यानंतरच्याच वर्षी, १९ सप्टेंबर २००२ रोजी, मुंबईत प्रभादेवी येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने प्रिया तेंडुलकर यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ४७ वर्षांच्या होत्या. दोन वर्षांच्या आत पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा वियोग विजय तेंडुलकर यांना सोसावा लागला. १९ मे २००८ रोजी त्यांचेही निधन झाले.

भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात ‘रजनी’ ही नायिकाप्रधान मालिकांच्या आरंभीच्या टप्प्यातील महत्त्वाची मालिका मानली जाते. दाद मागण्यासाठी घराबाहेर पडणारी सामान्य गृहिणी या मालिकेने केंद्रस्थानी आणली आणि त्या गृहिणीला प्रिया तेंडुलकर यांनी चेहरा दिला.