मेलबर्नचे तीन गोल : आसगावच्या नेव्हिल डिसोझा यांची कारकीर्द

ऑलिंपिकमधील फुटबॉलचे पदक भारताला कधीच मिळाले नाही. त्या पदकाच्या अगदी जवळ हा देश एकदाच पोहोचला, १९५६ साली मेलबर्न येथे. त्या स्पर्धेत भारतीय संघाने एकूण पाच गोल केले आणि त्यांतील चार एकाच खेळाडूच्या नावावर आहेत. तो खेळाडू म्हणजे बार्देशातील आसगावचे नेव्हिल स्टीफन डिसोझा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक नोंदविणारे ते पहिले आशियाई. भारताच्या क्रीडा इतिहासात त्यांचे स्थान त्यामुळे पक्के झाले. परंतु ज्या दिवशी त्यांनी हा पराक्रम केला, त्या दिवशी त्यांचे जन्मगाव भारतात नव्हते. ते पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते आणि पुढे पाच वर्षे तसेच राहिले.

बार्देशची माती, मुंबईचे मैदान

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी आसगावी झाला. बार्देशाचा हा पट्टा गोमंतकीय फुटबॉलचे माहेरघरच मानावा लागेल. विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू १८८३ साली शिवोलीला आले आणि त्यांनी शाळेच्या शिस्तीबरोबर मुलांना हा खेळही दिला, असे गोव्यातील फुटबॉलचा इतिहास सांगतो. शिवोली आणि आसगाव ही शेजारची गावे. कापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत आणि चर्चसमोरच्या पटांगणांत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजत गेला.

मात्र त्या काळी गोव्यात उपजीविकेची साधने तुटपुंजी होती. बार्देश आणि साष्टीतील कुटुंबेच्या कुटुंबे मुंबईची वाट धरीत. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोमंतकीयांच्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या. बोटीवर चढण्यापूर्वी किंवा नोकरी लागेपर्यंत गावच्या माणसाला तिथे आसरा मिळे. मुंबईच्या या गोमंतकीय वस्तीने शहराला वादक दिले, आचारी दिले, कारकून दिले. हॉकी आणि फुटबॉलचे खेळाडूही दिले. नेव्हिल याच मुंबईत खेळाडू म्हणून घडले. त्यांचे बंधू डेरिक हेही पुढे भारताकडून फुटबॉल खेळले.

पन्नाशीच्या दशकात भारतात व्यावसायिक फुटबॉल नव्हता. युरोपातील आघाडीपटू क्लबशी करार करून खेळावर पोट भरीत होता. भारतातील खेळाडूला मात्र आधी नोकरी शोधावी लागे. मुंबईत टाटा, कॅलटेक्स यांसारख्या कंपन्या आपापले संघ बाळगून होत्या. खेळाडूला कंपनीत नेमणूक मिळे, महिन्याचा पगार मिळे आणि कंपनीच्या नावाचा गणवेश घालून तो हारवूड लीगमध्ये उतरे. नेव्हिल यांची कारकीर्दही याच चौकटीतील. टाटा आणि कॅलटेक्स या दोन्ही संघांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. ऐन बहरातल्या खेळाडूलाही अशा व्यवस्थेत खेळ हा जोडधंदाच राही आणि खेळ थांबला की नावही मागे पडे.

हैदराबादचा शिक्षक

कुपरेज मैदानावर दरवर्षी होणारी रोव्हर्स करंडक स्पर्धा हे मुंबईच्या फुटबॉलचे सर्वांत मोठे पर्व. या स्पर्धेत १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे एकाच संघाने करंडक नेला. तो संघ मुंबईचा नव्हता, कलकत्त्याचाही नव्हता. तो होता हैदराबाद सिटी पोलिसांचा. त्यामागे सय्यद अब्दुल रहीम यांची बुद्धी होती. ‘रहीमसाहेब’ म्हणून देशभर ओळखले गेलेले हे गृहस्थ मूळचे शाळाशिक्षक. उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या रहीम यांनी हैदराबादेतील ज्या शाळांत अध्यापन केले, त्यांत मुसी नदीच्या काठी, मलकपेठेला लागून असलेल्या चादरघाटच्या शाळेचाही समावेश होता. घोडदौडीच्या मैदानासाठी प्रसिद्ध असलेल्या मलकपेठेपासून छावणीच्या सिकंदराबादेपर्यंत पसरलेल्या त्या शहरात फुटबॉलचे वेड मोठे होते. त्या वेडाला अभ्यासाचे वळण लावण्याचे काम या शिक्षकाने केले.

रहीम यांची शिकवण्याची रीत वर्गातल्यासारखी पायरीपायरीची होती. चेंडू पायाशी खेळवत न ठेवता एका स्पर्शात पुढे द्यायचा, अशा अटीचे सामने ते भरवीत. दुबळ्या पायानेच चेंडू मारायचा, असेही सामने असत. त्यामुळे उजव्या पायाच्या खेळाडूचा डावा पाय तयार होई आणि चेंडू थांबवून विचार करण्याची सवय सुटे.

नेव्हिल यांच्या आयुष्यात रहीम आले ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५१ साली दिल्लीत भारताने पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले होते. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. थंडीत अनवाणी खेळण्याचा काळ संपला, हे त्या पराभवाने स्पष्ट केले. मेलबर्नला गेलेला संघ बूट घालून खेळणारा तर होताच; त्याची मांडणीही नवी होती.

त्या काळी संघात पाच आघाडीपटू एका रांगेत असत आणि मधला म्हणजे ‘सेंटर फॉरवर्ड’ प्रतिस्पर्ध्याच्या मध्यरक्षकासमोर उभा राही. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बली येथे इंग्लंडला ६-३ असे हरविले, ते ही रांग मोडून. मधल्या आघाडीपटूला त्यांनी मागे ओढले. त्याच्या पाठोपाठ रक्षक पुढे सरकला की मागे रिकामी जागा पडे आणि तिथे दुसरा खेळाडू घुसे. रहीम यांनी हा धडा भारतीय संघाला दिला. अशा मांडणीत रिकामी जागा पडताक्षणी ती ओळखणारा आणि तिथे वेळेवर पोहोचणारा माणूस हवा असतो. नेव्हिल डिसोझा हे नेमके त्या जातीचे खेळाडू होते.

१ डिसेंबर १९५६

मेलबर्नची ऑलिंपिक स्पर्धा राजकारणाच्या सावटाखाली भरली. सोव्हिएत रणगाड्यांनी नोव्हेंबरात हंगेरीतील उठाव चिरडला होता. त्याच्या निषेधार्थ स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आणि स्पेन यांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. सुएझच्या प्रश्नावरून इतर काही देशही आले नाहीत. फुटबॉलमध्ये भारताची पहिली गाठ हंगेरीशीच पडणार होती. पण हंगेरीने फुटबॉल संघ उतरविला नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. ज्यांच्याकडून रहीम यांनी नवी मांडणी उचलली, त्यांच्याशी सामना झालाच नाही. त्यामुळे १ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियासमोर भारत उतरला, तेव्हा स्पर्धेतील तो भारताचा पहिलाच सामना होता.

समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी हे संघाचे कर्णधार. संघात पी. के. बॅनर्जी होते, हैदराबादच्या परंपरेतील अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, तुळशीदास बलराम अशी मंडळी होती. मुंबईहून आलेले चोवीस वर्षांचे नेव्हिल आघाडीच्या फळीत होते.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मोरो याने ऑस्ट्रेलियाला बरोबरी साधून दिली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मोरोने पुन्हा ती पुसली. मध्यंतराला २-२ अशी बरोबरी होती आणि सामना जणू या दोघांतच चालला होता. उत्तरार्धात पाचच मिनिटे झाली असतील, तोच नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. या वेळी मोरोला उत्तर देता आले नाही. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल करून निकालावर शिक्कामोर्तब केले. भारत ४-२ असा विजयी झाला आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश ठरला.

यजमानांना हा पराभव सहज पचण्याजोगा नव्हता. ऑलिंपिक आटोपल्यावर १२ डिसेंबरला सिडनीत हे दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. त्या सामन्यात भारताने ७-१ असा विजय मिळविला. मेलबर्नचा निकाल नशिबाचा खेळ होता, असे म्हणण्यास त्यानंतर जागा उरली नाही.

दोन मिनिटांची आघाडी

उपांत्य फेरीत ४ डिसेंबरला भारतासमोर युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश. पूर्वार्धात भारताने एकही गोल होऊ दिला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत चक्क आघाडीवर गेला. अंतिम सामना, म्हणजे किमान रौप्यपदक, त्या क्षणी भारताच्या हाताशी होते. ही आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. पापेच याने बरोबरी साधली, वेसेलिनोविच याने युगोस्लाव्हियाला पुढे नेले, पापेचने आणखी एक गोल केला आणि शेवटी अब्दुस सलाम यांच्याकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला. भारत १-४ असा हरला. तिसऱ्या क्रमांकासाठी ७ डिसेंबरला झालेल्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे नमविले.

स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तीन नावे बरोबरीने होती. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि भारताचे नेव्हिल डिसोझा यांचे प्रत्येकी चार गोल. पहिल्या दोघांच्या देशांनी पदके नेली. भारत चौथा राहिला. त्याच आठवड्यात, ६ डिसेंबरला, भारतीय हॉकी संघाने पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक जिंकले होते. देशाचे कौतुक साहजिकच हॉकीपटूंच्या वाट्याला अधिक गेले. हॉकीच्या सुवर्णाची सवय झालेल्या देशाला फुटबॉलमधील चौथ्या क्रमांकाचे मोल तेव्हा पुरते उमगले नाही. त्यानंतर १९६० मध्ये रोमला भारत पहिल्याच फेरीत बाद झाला आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या मुख्य स्पर्धेत परत कधीच दिसला नाही. हे सारे डोळ्यांसमोर ठेवले, की त्या चौथ्या क्रमांकाची उंची कळते.

बंद सीमेच्या अलीकडे

त्या वर्षी गोव्यात काय चालले होते, याचे स्मरण येथे अगत्याचे आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, सीमा बंद झाल्या, रेल्वे थांबली. मुंबईतील गोमंतकीयाला आपल्या गावी जाणे दुरापास्त झाले. पलीकडच्या आईवडिलांपर्यंत पैसे आणि पत्रे पोहोचविणेही कष्टाचे झाले. अशा काळात आसगावात जन्मलेला एक तरुण भारताचा गणवेश घालून जगासमोर उभा राहिला आणि भारताच्या आजवरच्या सर्वोत्तम ऑलिंपिक फुटबॉल कामगिरीचा नायक ठरला. गोव्याचे भारताशी नाते १९ डिसेंबर १९६१ रोजी राजकीयदृष्ट्या जुळले. मैदानावर ते आधीच जुळलेले होते, याचा नेव्हिल यांच्या गोलांइतका ठळक दाखला दुसरा सापडणे कठीण.

ही परंपरा पुढेही चालली. १९६२ साली जकार्ता येथे रहीम यांच्याच संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघात कोलवाळचे फोर्तुनात फ्रँको होते. पुढल्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीम यांचे कर्करोगाने निधन झाले आणि भारतीय फुटबॉलचा तो बहर ओसरू लागला.

उत्तरकाळ

मेलबर्ननंतर नेव्हिल पुन्हा मुंबईच्या मैदानांवर परतले. १९५८ साली कॅलटेक्स संघाने रोव्हर्स करंडक जिंकला. कुपरेजवर परगावच्या संघांचे वर्चस्व पाहण्याची सवय झालेल्या मुंबईकरांना कंपनीच्या संघाचे हे यश मोठे वाटले. पण कंपन्यांचे हे संघ कंपनीच्या मर्जीवर जगत. कलकत्त्याच्या मोहन बागान किंवा ईस्ट बंगालप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या नाव जपणारे समर्थक त्यांना नव्हते. कलकत्त्यात खेळलेल्या समकालीनांच्या आठवणी चहाच्या टपऱ्यांवर आणि वर्तमानपत्रांत जिवंत राहिल्या. मुंबईच्या कार्यालयीन फुटबॉलमधील नेव्हिल यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना, दुसरा बलराम यांना मिळाला. मेलबर्नचे हे दोन्ही सहकारी त्या मानाला पात्रच होते. नेव्हिल यांचे नाव मात्र त्या यादीत कधीच आले नाही.

१७ मार्च १९८० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. वांद्रे येथील एका फुटबॉल मैदानाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले; मुंबईच्या नव्या पिढीतील मुले आज तिथे खेळतात.

नेव्हिल यांच्या कारकिर्दीतून जगाच्या लक्षात राहिली ती चार दिवसांत केलेल्या चार गोलांची नोंद. हैदराबादच्या एका शिक्षकाने आखलेली मांडणी, मुंबईच्या एका कंपनीची नोकरी आणि बार्देशातून आलेला खेळाचा वारसा, या तिन्हींचा त्या चार गोलांत वाटा होता. आसगावने मुंबईला दिलेला हा मुलगा मुंबईच्या मैदानावरील फलकावर आहे आणि ऑलिंपिकच्या नोंदवह्यांतही आहे. बार्देशातील मैदानांवर खेळणाऱ्या मुलांनाही तो आपला म्हणून ठाऊक असायला हवा.