कै. खाशाबा जाधव

आमच्या शाळेत हल्ली व्हॉलीबॉलचा छंद बराच वाढला आहे, व ती आनंदाचीच गोष्ट होय. तथापि पुष्कळ मुले जाळ्यापाशी उभी राहून केवळ चेंडू आपटण्याचा सराव करितात. धावणे, पोहणे, जोर-बैठका काढणे त्यांस निरर्थक वाटते. अशा मुलांकरिता, आणि खेळात वेळ फुकट जातो असे मानणाऱ्या पालकांकरिताही, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील एका मल्लाचे चरित्र येथे देत आहो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडनजीक गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल होते. पाच पुत्रांत खाशाबा धाकटे. वडिलांनी त्यांस लहानपणीच तालमीत उतरविले, परंतु मुलगा एका कुस्तीतच गुंतून राहिला नाही. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असता पोहणे, धावणे, वजन उचलणे, हातोडा फेकणे यांतही तो रमे. देह लहानखुरा असल्यामुळे निव्वळ बळाने रेटणे त्यांस साधणारे नव्हते. चपळाई, दम आणि तोल यांवर त्यांची सारी भिस्त असे, आणि हे गुण या चौफेर मेहनतीनेच आले, असे आमचे मत आहे. ढाक हा त्यांचा आवडता डाव.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. तांबड्या मातीत वाढलेल्या या तरुणास तेथील गादी व नियम दोन्ही नवीन. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पुढील चार वर्षे त्यांनी मेहनत दुप्पट केली.

१९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तर पैसा नव्हता. खेडोपाडी वर्गणी गोळा झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठी एवढे करणारे गुरुजन किती निघतील? आम्ही शिक्षकांनीही विचार करावा.

हेलसिंकीत सत्तावन्न किलो वजनाच्या गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस पाडले. पुढे जपानचा इशी व रशियाचा मामेदबेकोव्ह यांच्याशी झुंजावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हक्काची होती. पण त्यांच्या वतीने ते सांगावयास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. दोन्ही कुस्त्या गेल्या. तरीही कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले.

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पाव तासाच्या वाटेस सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत लढले, व प्राचार्यांचे गहाण घर सोडविले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघा दुखावल्याने १९५६ चे मेलबोर्न हुकले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस हयातीत मिळाला नाही. तो मरणोत्तर देण्यात आला.