लाल-हिरवें निशाण : कै. शंकर गुहा नियोगी



पोटाचा धंदा राखावा कीं रान राखावें, असा प्रश्न आला म्हणजे मजूर एका बाजूस व निसर्गप्रेमी दुसऱ्या बाजूस उभे राहतात. हे दोन्ही पक्ष एकाच घरचे आहेत, असें ज्यांनीं आपल्या आचरणानें दाखविलें, त्यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

शंकर गुहा नियोगी यांचा जन्म १९४३ सालीं एका बंगाली कुटुंबांत झाला. मूळचें नांव धीरेश. आपल्या विदर्भाच्या पूर्वेस लागून असलेला छत्तीसगड त्यांची कर्मभूमि झाला. तरुणपणीं ते तेथील भिलाईच्या पोलाद-कारखान्यांत लागले. कामगारांची बाजू घेतल्यामुळें ती नोकरी गेली. मग खेड्यापाड्यांत हिंडून, दगडाच्या खाणींत राबून त्यांनीं गरिबांचें जिणें जवळून पाहिलें.

भिलाईस लोखंडाचा दगड दल्ली-राजहरा येथून जातो. तेथील खाणमजुरांनीं १९७७ सालीं संघ स्थापिला व नियोगींस पुढारी केलें. त्याच वर्षीं जूनमध्यें पोलिसांच्या गोळीबारांत ११ जण बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनीं स्वतःच्या वर्गणीनें व श्रमानें उभारिलेलें शहीद रुग्णालय १९८३ सालीं सुरू झालें. दारू सुटावी म्हणूनहि संघानें मोठी चळवळ केली.

संघाचें निशाण लाल व हिरवें : लाल रंग मजुरांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. खाणींत राबणारा मजूर बहुधा भोवतालच्या खेड्यांतलाच. त्याचे भाऊबंद शेतीवर, मोहफुलांवर व तेंदूपानांवर जगणारे. डोंगर बोडका झाला, ओढ्याचें पाणी नासलें, तर तोटा त्याच्याच घरीं! हें ओळखून नियोगींनीं मजुरीच्या मागणीबरोबर जंगलाचा प्रश्नहि संघाच्या कामांत घेतला. मजुरांनीं झाडें लावलीं; आपल्या रानाची ओळख करून घेण्याची मोहीम चालविली. संपूर्ण यंत्रें आणून हजारों हात रिकामे करूं नयेत, म्हणून संघानें यंत्र व माणूस या दोहोंस जागा देणारी योजना मांडली.

२८ सप्टेंबर १९९१ रोजीं भिलाईंत, पहांटेपूर्वीं झोपेंत असतां, एका मारेकऱ्यानें त्यांस गोळी घातली. संघाचें निशाण मात्र खालीं आलें नाहीं.

आपल्या धामणगाव बढ्याच्या शिवारांत लोखंडाच्या खाणी नाहींत, कपाशी आहे. कपाशीवर फवारलेलें विषारी औषध आधीं मजुराच्या श्वासांत जातें, मग पावसाबरोबर ओढ्यांत उतरतें. मजुराचें तोंड झांकण्याची काळजी घेणारा व ओढ्याची काळजी घेणारा, हे दोघे बांधावर भेटले, तर ते भांडतील काय? मुलांनो, घरीं वडीलधाऱ्यांस हा प्रश्न अवश्य विचारा.