सिगारच्या डब्यातली लॅब

सिव्हिल इंजिनीअरिंगला असाल, तर हे नाव तुम्हाला पाठ असेल. टर्झागी. पेपरात हमखास येणारा बेअरिंग कपॅसिटीचा फॉर्म्युला, एन-सी, एन-क्यू, एन-गॅमाचे ते तक्ते आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी. फॉर्म्युला पाठ होतो, माणूस राहूनच जातो. आणि सिव्हिलला नसाल, तर नाव ऐकलंही नसेल. पण तुमची बिल्डिंग सरळ उभी आहे, भुयारी मेट्रो खोदताना वरचा रस्ता खचला नाही, यात या माणसाचा थोडा तरी हात आहे. म्हणून आज त्याची गोष्ट.

कार्ल टर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ चा, प्रागचा. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील लष्करात अधिकारी. साहजिकच दहाव्या वर्षी कार्लची रवानगी लष्करी बोर्डिंग शाळेत झाली. पुढे पोरगा ग्राझच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनीअरिंगला गेला, आणि तिथे त्याने काय केलं? तर धमाल! अभ्यास कमी, मित्रमंडळी जास्त, तलवारीची द्वंद्वंसुद्धा. प्रकरण कॉलेजमधून काढून टाकण्यापर्यंत गेलं होतं. एका प्राध्यापकाने बाजू घेतली म्हणून वाचला. १९०४ मध्ये डिग्री हातात आली खरी, पण तोवर त्याच्या लक्षात आलं होतं की मशीनमध्ये आपलं मन रमत नाही. मन रमत होतं ते डोंगरात, दगडांत. लष्करातल्या सक्तीच्या वर्षभरात त्याने भूगर्भशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये आणलं. ब्रँच चुकली असं वाटणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवा.

मग नोकरी लागली ती बांधकामाची. क्रोएशियातले जलविद्युत प्रकल्प, नंतर रशियात सेंट पीटर्सबर्गची कामं. तिथे टर्झागींना एक गोष्ट सतत खटकायची. लोखंडाचा पूल बांधायचा तर इंजिनीअर आधी गणित करायचा. पण तोच पूल ज्या मातीवर उभा राहणार, तिचं काय? तिथे सगळा अंदाज. जुन्याजाणत्यांनी पाहायचं, हात लावून बघायचं आणि सांगायचं. अंदाज बरोबर आला तर ठीक, चुकला तर भिंत कलायची, धरण फुटायचं, माणसं जायची. आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजच.

१९१२ मध्ये टर्झागी अमेरिकेला गेले. तिथे पश्चिमेकडे धडाक्यात धरणं बांधली जात होती. त्यांचा बेत साधा होता. जिथे जिथे बांधकाम चाललंय तिथे जायचं, खालची जमीन कशी होती आणि वरच्या बांधकामाचं पुढे काय झालं, ते टिपून घ्यायचं. भरपूर नोंदी जमल्या की त्यातून नियम आपोआप दिसेल. जवळजवळ दोन वर्षं ते भटकले, वह्या भरल्या. नियम काही दिसला नाही. १९१३ च्या अखेरीस ते हात हलवत परत आले.

या अपयशाचं कारण त्यांना पुढे सापडलं, आणि ते फार साधं होतं. नोंदीत लिहिलेलं असायचं ‘चिकणमाती’ किंवा ‘वाळू’. पण एका ठिकाणची चिकणमाती आणि दुसऱ्या ठिकाणची चिकणमाती यांत जमीन-अस्मानाचा फरक. नाव एक, वागणूक वेगळी. मातीला नुसतं नाव देऊन भागणार नव्हतं. तिच्या वागण्याला आकडे हवे होते, आणि ते कुणी मोजलेच नव्हते.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. टर्झागी लष्करात गेले आणि १९१६ मध्ये त्यांना शिकवायला पाठवण्यात आलं इस्तंबूलच्या इंजिनीअरिंग कॉलेजात. १९१८ मध्ये युद्ध संपलं. ऑस्ट्रिया हरली, तुर्कस्तानही हरला आणि टर्झागींची नोकरी गेली. ज्या देशाचे ते नागरिक होते, त्या देशाचे तुकडे झाले होते. वय पस्तीस. शेवटी त्याच शहरातल्या रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन संस्थेत शिकवायचं काम मिळालं. लॅब नाही, ग्रँट नाही, उपकरणं नाहीत.

१९१९ च्या मार्चमध्ये त्यांनी एका कागदावर यादी केली. मातीबद्दल आपल्याला काय काय कळायला हवं आणि त्यासाठी कोणते प्रयोग करावे लागतील, याची. मग ते कामाला लागले. सिगारचे रिकामे डबे, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी, मिळेल ते सामान. या जुगाडातून उपकरणं बनली. डब्यात वाळू भरायची, एक बाजू किंचित सरकवायची आणि वाळू भिंतीला किती रेटा देते ते मोजायचं. मग ओली चिकणमाती घेऊन तिच्यावर वजन ठेवायचं आणि ती किती दबते, किती वेळाने दबते, हे बघत बसायचं. दिवसच्या दिवस हेच.

या बघत बसण्यातून जे सापडलं, ते समजून घ्यायला लॅब नको, आपलं स्वयंपाकघर पुरे. श्रीखंडाचा चक्का आठवा. दही फडक्यात बांधून वर वजन ठेवलं की ते लगेच घट्ट होतं का? नाही. सुरुवातीला वजनाचा भार आतलं पाणीच पेलत असतं. मग पाणी थेंब थेंब बाहेर पडायला लागतं आणि जसजसं ते जातं, तसतसा भार दह्याच्या घट्ट भागावर येतो. सकाळपर्यंत चक्का तयार. इमारतीखालच्या ओल्या चिकणमातीचंही असंच असतं. इमारत आज उभी राहते, पण माती दबत राहते ती पुढची कित्येक वर्षं, कारण चिकणमातीतून पाणी फार सावकाश निघतं.

टर्झागींनी याचं गणित मांडलं. त्यातला एक हिशोब ऐकण्यासारखा आहे. मातीच्या थराची जाडी दुप्पट झाली, तर दबायला लागणारा वेळ चौपट होतो. म्हणजे लॅबमधल्या दोन सेंटीमीटरच्या चकतीला एक दिवस लागला, तर जमिनीतल्या तसल्याच दोन मीटरच्या थराला दहा हजार दिवस लागतील. सुमारे २७ वर्षं! डब्यातल्या एका दिवसाच्या प्रयोगावरून इमारतीच्या पंचवीस-तीस वर्षांचं भविष्य सांगता येऊ लागलं. १९२३ मध्ये हे समीकरण छापून आलं आणि १९२५ मध्ये त्यांचा मातीच्या यांत्रिकीवरचा जर्मन ग्रंथ. सॉइल मेकॅनिक्स या विषयाचा जन्म इथला मानतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक कल्पना आहे, इफेक्टिव्ह स्ट्रेस. व्हॅक्यूम पॅक केलेलं कॉफीचं पाकीट हातात घेतलंय कधी? विटेसारखं टणक लागतं. कोपरा कापला की एका क्षणात भुसभुशीत. आतली कॉफी तीच, मग बदललं काय? बाहेरची हवा कणांना एकमेकांवर दाबून धरत होती. हवा आत शिरली आणि तो दाब संपला. मातीतल्या कणांच्या मधल्या पाण्याचं तसंच असतं. त्या पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते.

आता ३० जुलै २०१४ ची सकाळ आठवा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण. मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गाडली गेली. त्यानंतर २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. अशा वेळी आपण सहज म्हणतो, पावसाने माती निसरडी झाली. दरड कोसळण्याला कारणं अनेक असतात, डोंगराचा उतार, खालचा खडक, माणसाने केलेली खोदाई. पण पाणी तिथे नेमकं काय करतं, यावर टर्झागींनी १९५० मध्ये एक मोठा निबंध लिहिला आणि निसरडेपणाची समजूत खोडून काढली. पाणी वंगणाचं काम करत नाही, असं त्यांनी दाखवलं. ते कणांच्या फटींत साठतं, त्याचा दाब वाढतो आणि माती आतून उचलल्यासारखी होते. हे कळण्याचा फायदा काय? डोंगरातल्या पाण्याचा दाब मोजता येतो. पाण्याला वाट काढून देता येते. वेळेवर धोक्याची सूचना देता येते. माती निसरडी झाली म्हणून गप्प बसलं, तर यातलं काहीच होत नाही.

पुस्तक आलं त्याच वर्षी टर्झागींना एमआयटीचं बोलावणं आलं. पुण्यातली नव्हे, अमेरिकेतली! तिथे आर्थर कासाग्रांदे हा तरुण ऑस्ट्रियन इंजिनीअर त्यांचा सहायक झाला. (लिक्विड लिमिट काढताना ज्या वाटीचे ठोके तुम्ही मोजता, ती वाटी याच कासाग्रांदेंची.) १९२९ मध्ये टर्झागी प्राध्यापक म्हणून व्हिएन्नाला परतले. रूथ डॉगेट या भूगर्भशास्त्राच्या अभ्यासक. त्यांच्याशी १९३० मध्ये लग्न झालं.

व्हिएन्नातला एक अध्याय मात्र काळा आहे. त्याच संस्थेत पाउल फिलुंगर हे मेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. टर्झागींचं गणित कच्च्या पायावर उभं आहे, असं त्यांचं मत होतं. १९३६ च्या अखेरीस त्यांनी एक जळजळीत पुस्तिका काढली. टीका शास्त्रापुरती राहिली नाही, टर्झागींच्या प्रामाणिकपणावर गेली. चौकशी समिती बसली. कौल टर्झागींच्या बाजूने जाणार हे स्पष्ट होत गेलं, आणि मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आयुष्य संपवलं. कित्येक वर्षांनी अभ्यासकांनी फिलुंगरांचं काम पुन्हा वाचलं. सच्छिद्र पदार्थांच्या शास्त्रात त्यांनी मोलाची भर घातली होती, असं दिसून आलं. म्हणजे दोघांकडेही काहीतरी खरं होतं. वाद गणितावर राहिला असता तर दोन जीव वाचले असते आणि शास्त्रही पुढे गेलं असतं. हिरोच्या गोष्टीतून हा भाग गाळणं सोपं आहे, पण गाळू नये.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली आणि टर्झागी कायमचे अमेरिकेला गेले, हार्वर्डमध्ये. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा नवा देश. तिथे शिकागोच्या भुयारी रेल्वेचं काम समोर आलं. मऊ चिकणमातीतून बोगदे खोदायचे आणि वर उंच इमारती! टर्झागींनी अट घातली की कामावरच मातीची लॅब हवी. ती सांभाळायला राल्फ पेक हा विशीतला तरुण ठेवला. रस्ता किती खचतोय, माती किती सरकतेय, हे रोज मोजायचं आणि त्याप्रमाणे खोदायची पद्धत बदलायची. आज मुंबईत भुयारी मेट्रो खोदताना जुन्या इमारतींवर मोजणीची उपकरणं बसवली गेली, त्यामागे हाच विचार आहे. पुढे टर्झागी-पेक जोडीचं १९४८ चं पुस्तक जगभरच्या कॉलेजांत पोहोचलं.

गंमत बघा. ज्या माणसाने मातीला गणित दिलं, तोच म्हातारपणी विद्यार्थ्यांना गणितावर आंधळा विश्वास ठेवू नका म्हणून बजावत होता. जमीन पुस्तकातल्यासारखी एकसारखी नसते. चार बोअर घेतले तरी पाचव्या ठिकाणी काय निघेल याचा भरवसा नाही. म्हणून आधी हिशोब करा, मग काम चालू असताना मोजत राहा, आणि हिशोब चुकतोय असं दिसलं तर तो बदलायची तयारी ठेवा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधलं मिशन धरण त्यांनी असंच बांधून घेतलं. खालची जमीन अतिशय अवघड होती. १९६० मध्ये ते धरण पूर्ण झालं. इजिप्तच्या आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते, पण रशियन आराखडा पटला नाही तेव्हा १९५९ मध्ये त्यांनी पद सोडलं.

२५ ऑक्टोबर १९६३ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, टर्झागी गेले. दोन वर्षांनी मिशन धरणाला त्यांचं नाव देण्यात आलं. त्यांच्या डायऱ्या आणि कागदपत्रं नॉर्वेत ऑस्लोच्या जिओटेक्निकल संस्थेत जपून ठेवली आहेत. आयुष्यभर हा माणूस लिहीत होता. काय पाहिलं, काय मोजलं, कुठे चुकलं.

आता जरा आपल्याकडे. कन्सॉलिडेशनचं प्रॅक्टिकल कंटाळवाणं असतं, मान्य. वजन ठेवा, डायलचं रीडिंग घ्या, चोवीस तास थांबा, वजन दुप्पट करा, पुन्हा थांबा. सबमिशन तोंडावर आलेलं असतं आणि सीनियरचं जर्नल हाताशी असतं. आकडे उतरवले तर कुणाला कळणार आहे? व्हायवाला तर कुणालाच नाही. पण उद्या तुम्ही साइटवर असाल, मातीचा रिपोर्ट तुमच्या सहीने जाईल आणि त्यावर कुणाचं तरी घर उभं राहील. सिगारचे डबे घेऊन बसलेल्या त्या माणसाकडे उतरवायला कुणाचंच जर्नल नव्हतं. तुमच्याकडे डायल गेज आहे, मातीची चकती आहे आणि चोवीस तास आहेत. यावेळचं रीडिंग स्वतः घ्या.