झाशीच्या कवायत-मैदानावर उतरलेली वैमानिका

गेल्या थंडीत मी मुलीकडे सिल्वासाला गेलो होतो. संध्याकाळी दमणगंगेच्या काठाने फिरत असता दमणच्या बाजूने एक लहानसे विमान आले. त्याची घरघर मध्येच मंदावल्यासारखी वाटली आणि माझी पावले थबकली. विमान आपल्या वाटेने निघून गेले. मला मात्र झाशी आठवली, आणि लहानपणी आजोबांच्या तोंडून दहा वेळा ऐकलेली मडमेची गोष्ट. आम्ही मूळचे ग्वाल्हेरकर. झाशी म्हणजे आम्हांला शेजारचा वाडा. राणीच्या गावात आभाळातून एक बाई एकटी उतरली, ह्याचे आजोबांना भारी कौतुक. पुढे मी मिळेल ते वाचले, तेव्हा त्यांनी बराच मीठमसाला लावला होता हे कळले. पण खरी हकीकतही काही बेचव नाही.

तिचे नाव एमी जॉन्सन. इंग्लंडातील हल बंदरात १ जुलै १९०३ रोजी जन्म. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्डला पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिली कचेरीत टंकलेखिका झाली, आणि उरलेला वेळ स्टॅग लेनच्या विमानतळावर घालवू लागली. १९२९ साली तिने वैमानिकाचा परवाना मिळवला. त्याच वर्षी विमान-दुरुस्तीचाही. हा दुसरा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री. मला तिचा मोठेपणा येथेच दिसतो. उडण्याची हौस पुष्कळांना असते. तेलाने हात बरबटून इंजिन खोलण्याची थोड्यांनाच.

वडील आणि लॉर्ड वेकफील्ड ह्यांच्या मदतीने तिने एक जुने जिप्सी मॉथ घेतले. वडिलांच्या पेढीचे व्यापारचिन्ह ‘जेसन’, तेच नाव विमानालाही दिले. ५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाकडे एकटी निघाली. तोवर तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच! विमान उघडे, बिनतारी यंत्र नाही. बगदादच्या अलीकडे धुळीच्या वादळाने तिला वाळवंटात खाली आणले. सामान चाकांना अडसर म्हणून लावून, पिस्तूल घेऊन ती वादळ शमेपर्यंत बसून राहिली. तरीही सहाव्या दिवशी, १० मेला, ती कराचीत होती. इतक्या लवकर इंग्लंडहून तेथवर कोणी एकटे आले नव्हते. त्यानंतरच वर्तमानपत्रांना जाग आली.

दुसऱ्या दिवशी तिला गाठायचे होते अलाहाबाद. वैशाखाचे ऊन, खाली न संपणारे सपाट रान, आणि टाकीतील पेट्रोल मात्र संपत आलेले. अलाहाबाद अजून दोनशे मैलांवर असता झाशीच्या छावणीतले कवायतीचे मैदान दिसले. इंजिन आपणहून बंद पडण्याची वाट पाहणे म्हणजे उतरण्याची जागा दैवाने निवडणे. बाईने ती स्वतः निवडली. मैदान अपुरे पडले. विमान शिपायांची पांगापांग करीत बराकींपर्यंत घरंगळले आणि पंख दुखावला. गावच्या सुताराने तो सांधला, आणि दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादवरून कलकत्त्याला पोहोचलीही. (आजोबांच्या गोष्टीत तो सुतार आमच्या ओळखीचा होता. असो.)

रंगूनला घोडदौडीचे मैदान शोधता शोधता ती इनसीनच्या फुटबॉलच्या मैदानावर उतरली व विमान खड्ड्यात गेले. पंखा मोडला, पण एक जादा पंखा तिने विमानाला बांधूनच आणला होता. फाटलेल्या पंखांना ठिगळे लावली ती सदऱ्यांची. महायुद्धातून उरलेल्या विमानी कापडाचेच ते सदरे शिवलेले होते. ह्या खोळंब्यात विक्रम हातचा गेला. हिंक्लरने हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. एमी २४ मेला, साडेएकोणीस दिवसांनी डार्विनला पोहोचली. पण इतके अंतर एकटीने कापणारी ती पहिली स्त्री होती, आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९३२ साली वैमानिक जिम मॉलिसनशी विवाह, १९३८ साली घटस्फोट, मधल्या काळात केपटाउनसारख्या लांबलांबच्या भराऱ्या. दुसऱ्या महायुद्धात ती विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविण्याच्या कामावर रुजू झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून किडलिंग्टनला विमान नेताना खाली सर्वत्र ढग होते. तास दीड तासाचा तो प्रवास. पण चार तासांहून अधिक वेळाने ती कितीतरी दूर, टेम्सच्या मुखाशी, हवाई छत्रीने गोठणाऱ्या पाण्यात उतरली. ढगांच्या फटीतून ह्या वेळी मैदान दिसले नव्हते. ‘हेझलमीअर’ जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर ह्यांनी वाचविण्यासाठी पाण्यात उडी घेतली. थंडीने त्यांचाही अंत झाला. तिचा देह सापडलाच नाही.

जेसन मात्र सापडलेले आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ते गर्द हिरवे विमान टांगून ठेवले आहे.