केडगावची माउली

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाजवळच्या माळावर शेकडो अनाथ मुलींना घर मिळाले. ते घर उभारणाऱ्या थोर विदुषीचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रीने संस्कृत शिकू नये, असा त्या काळी समज होता. परंतु शास्त्रीबुवांनी लोकनिंदेची पर्वा न करता पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने ते धन आपल्या मुलीला दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दुष्काळ पडला. अन्नान्न दशा होऊन १८७४ साली आईवडील दोघेही वारले. त्यांच्यामागून थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. बंधू श्रीनिवास यांच्यासह त्यांनी हजारो मैल पायी तुडविले. भुकेल्या, निराधार मुलाची दशा काय असते, हे त्यांना कोणत्याही पोथीत वाचावे लागले नाही.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु सुख फार टिकले नाही. १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी यांचे निधन झाले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. रमाबाई विद्येसाठी इंग्लंडला व तेथून अमेरिकेस गेल्या. इंग्लंडात १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. धर्मांतरामुळे त्यांच्यावर कठोर टीका झाली, अनेकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. तरी त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही.

१८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले बालपण आठवले. जवळ पैसा बेताचा, सदनाचा संसार आधीच मोठा. तरी त्या स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, मायबाप गमावलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. त्यांना मूठभर धान्य देऊन परतणे सोपे होते. रमाबाईंनी त्या मुलींना आपल्याबरोबर आणले. पाहता पाहता त्यांची संख्या सुमारे तीनशे झाली.

इतक्यात पुण्यात प्लेगची साथ आली. शहरात एवढ्या मुली ठेवणे अशक्य झाले. सदनासाठी केडगावी थोडी जमीन पूर्वीच घेतलेली होती. तेथे झोपड्या उभारून मुलींची सोय करण्यात आली. खरी कसोटी पुढेच होती. मुली आजारी होत्या, भेदरलेल्या होत्या. उपासमारीने काहींचा माणसांवरील विश्वासच उडाला होता. त्यांना न्हाऊमाखू घालणे, औषधपाणी करणे, अक्षर ओळखावयास लावणे, हे काम एका दिवसाचे नव्हते. शारदासदनात शिकलेल्या मुलींनी या धाकट्या बहिणींना सांभाळले. विहिरी खोदल्या, शेती फुलली, विणकाम व छपाईचे शिक्षण सुरू झाले. या घराला ‘मुक्ती’ असे नाव मिळाले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मुलीही आल्या आणि घरातील माणसांची संख्या दीड हजारांपर्यंत पोहोचली. मनोरमाबाई आईच्या कामात सामील झाल्या. त्यांनी अंध मुलींना बोटांच्या स्पर्शाने वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली.

१९२१ साली मनोरमाबाईंचा अकाली अंत झाला. हा घाव सोसून रमाबाई काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथेच देह ठेवला. त्यांनी लावलेले ते रोप आजही तेथे उभे आहे.

भुकेल्याला अन्न देणारे पुष्कळ असतात. परक्याच्या लेकराला आपले म्हणून वाढविणारे थोडे. दुष्काळाने ज्या मुलीचे घर हिरावून घेतले, तिनेच पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींना घर दिले, हेच रमाबाईंचे खरे मोठेपण होय.